प्राण्यांचं वर्तन अभ्यासायचंय? मुंबईत राहून सुरुवात कशी करावी

मी मुंबईतच शिकले, प्राण्यांच्या वर्तनावर पीएच.डी. केली आणि आता संशोधनासोबत शाळा, सोसायट्या, महिला मंडळं अशा ठिकाणी जाऊन बोलते. जून आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात: "मुलीला प्राण्यांची फार आवड आहे हो, झूऑलॉजी घेतलं तर पुढे काय?" प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. माझ्या वेळी ही माहिती तुकड्यातुकड्यांत मिळाली. थोडी सीनियर्सकडून, थोडी कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून आणि सगळ्यात उपयोगाची वनखात्याच्या एका कारकुनाकडून.

लिहिताना डोळ्यासमोर बारावी ते एम.एस्सी.चे विद्यार्थी आहेत. नोकरी सांभाळून हौसेने काही करू पाहणाऱ्यांनी पहिले तीन टप्पे आणि शेवटचा टप्पा वाचला तरी चालेल.

१. आधी काम काय आहे ते पाहून घ्या

साप पकडणं, जखमी घारीवर उपचार करणं, ताडोब्यात जिप्सीतून फोटो काढणं ही सगळी चांगली कामं आहेत, पण ती सर्पमित्राची, पशुवैद्याची आणि फोटोग्राफरची. वर्तन-संशोधकाचा बहुतेक वेळ एका जागी बसून बघण्यात जातो आणि उरलेला ते बघितलेलं आकड्यांत मांडण्यात. प्राण्याला हात लावायची वेळ क्वचितच येते. कित्येक अभ्यासांत तर हात लावायचाच नसतो.

या विषयाचा पाया चार प्रश्नांवर उभा आहे. निको टिनबर्गन यांनी ते १९६३मध्ये मांडले. पुढे १९७३मध्ये त्यांना कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. एप्रिलमध्ये पहाटे चारला खिडकीबाहेर कोकीळ ओरडायला लागतो आणि झोपमोड होते, तेव्हा "हा का ओरडतोय?" हा एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारता येतो. त्याच्या शरीरात आत्ता असं काय घडतंय की तो याच दिवसांत, याच वेळी गातो? कावळ्याच्या घरट्यात वाढलेल्या या पक्ष्याला हे गाणं येतं कसं, उपजत की ऐकून? गाण्याने त्याला फायदा काय होतो? आणि त्याच्या नात्यातले इतर पक्षी बघितले तर ही सवय कुठून आली असावी? चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला खोटं पाडत नाही. निम्मे वाद लोक दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडत असल्यामुळे होतात, हे पुढे तुमच्या लक्षात येईलच.

हे वाचून "पण वाघ कधी येणार?" असं मनात आलं असेल तर पुढचा टप्पा तुमच्यासाठीच आहे.

२. प्राणी नंतर, प्रश्न आधी

नव्याने येणारे जवळजवळ सगळे प्राणी ठरवून येतात. वाघ, बिबट्या, हत्ती, फार तर डॉल्फिन. मग त्या प्राण्याजवळ जाता येत नाही, परवानगी मिळत नाही, मिळाली तरी तो दिसत नाही आणि वर्ष निघून जातं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दोन-तीन वर्षांत रोज दिसणारा, ओळखता येणारा आणि तुमची पर्वा न करणारा प्राणी घ्या. मुंबईत अशांना तोटा नाही.

आपल्याकडची उत्तम कामं बघा. पक्षितज्ज्ञ सालीम अलींना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे त्यांनी सुगरणींची वसाहत बघायला सुरुवात केली. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन ते तपासते, तिला पसंत पडलं तर तो ते पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे काम १९३०च्या सुमारास झालं आणि त्याला लागला तो मुख्यतः वेळ आणि चिकाटी.

दुसरं उदाहरण पुण्याचं. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेला प्रयोग २००२मध्ये प्रसिद्ध झाला. वेडा राघू जमिनीतल्या बिळात घरटं करतो आणि कुणी बघत असेल तर आत शिरायला कचरतो. यांनी माणसाला कधी अशा जागी उभं केलं की तिथून बीळ दिसतं, आणि कधी तितक्याच अंतरावर पण बीळ दिसणार नाही अशा जागी. पक्षी दुसऱ्या वेळी जास्त बिनधास्त आत जात होते. म्हणजे माणूस कुठे आहे एवढंच नव्हे, त्याला तिथून काय दिसतं याचाही हिशेब ते करत असावेत. प्रयोगाचं साहित्य काय, तर एक माणूस आणि एक आडोसा!

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी उभं आयुष्य एका गांधीलमाशीवर काम केलं, रोपालिडिया मार्जिनाटा. प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके लावायचे म्हणजे ती ओळखता येते. राणीला काढून घेतलं की एरवी गरीब वाटणारी एक कामकरी अचानक आक्रमक होते, आणि पुढची राणी तीच. अनिंदिता भद्रा यांची कोलकात्याच्या आयसरमधली (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) प्रयोगशाळा भटक्या कुत्र्यांवर काम करते: माणसाने बोट दाखवलं तर कुत्रं तिकडे जातं का, असले प्रश्न. हे दोन्ही प्राणी तुमच्या इमारतीच्या आवारात सापडण्याची शक्यता दांडगी.

बिबट्याच हवा असेल तर विद्या अत्रेय यांचं काम वाचा. अकोले तालुक्यात उसाच्या शेतांत, वस्तीला लागून बिबटे कसे राहतात हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी किती वर्षं आणि किती खात्यांच्या परवानग्या लागल्या असतील याचाही विचार वाचताना करा.

मग तुमचा प्रश्न कसा हवा? एका वाक्यात मावणारा, आणि ज्याचं उत्तर "नाही" असंही येऊ शकेल असा. "कावळ्यांच्या वर्तनाचा अभ्यास" हा प्रश्नच नाही. "मासळी बाजार बंद असतो त्या दिवशी बाजाराजवळचे कावळे जास्त भांडतात का?" हा प्रश्न आहे. यात तुलना आहे, मोजता येईल अशी गोष्ट आहे आणि दादर, भायखळा, वर्सोवा कुठेही करता येण्यासारखं आहे.

३. वही घ्या आणि बसा

कॅमेरा नंतर घ्या. आधी साधी वही, पेन्सिल (पावसात शाई पसरते) आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. मोबाइलवर नोंदी करता येतात, पण नजर स्क्रीनवर गेली की प्राण्याने नेमकं तेव्हाच काहीतरी केलेलं असतं.

पहिले काही दिवस नुसतं बघून वर्तनाची यादी बनवा. यालाच इथोग्राम म्हणतात. नियम एकच: दिसतं ते लिहा, वाटतं ते लिहू नका. "कुत्रा रागावला" असं न लिहिता "कान मागे, ओठ वर, दात दिसतात, गुरगुर" असं लिहा. चहाच्या टपरीसमोरच्या एका मादीची नोंद साधारण अशी दिसावी:

६.४२ – काळी, डाव्या कानाला खाच (म्हणजे नसबंदी झालेली). आडवी, डोकं पंजांवर.
६.४४ – कचऱ्याची गाडी वळली. डोकं वर, कान उभे, अंग आडवंच.
६.४५ – उठली, तपकिरी नराकडे ४ पावलं, नाक त्याच्या तोंडाशी, ३ सेकंद.
६.४६ – परत जागेवर. एक गोल फेरी घेऊन बसली.

अशा नोंदी हातात बसल्या की पद्धत ठरवा. जीन ऑल्टमन यांचा निरीक्षण-पद्धतींवरचा १९७४चा शोधनिबंध आजही या कामाचा पाया समजला जातो. तो मुळातून वाचा, जड नाही. सुरुवातीला दोन पद्धती पुरतात. फोकल: एकच प्राणी निवडून ठरावीक वेळ, समजा १० मिनिटं, फक्त त्याच्याकडे बघायचं, शेजारी महायुद्ध पेटलं तरी. स्कॅन: दर ५ मिनिटांनी सगळ्या कळपावरून नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपायचं.

सरावाला भायखळ्याची राणीची बाग उत्तम. २०१६मध्ये आलेले हम्बोल्ट पेंग्विन तिथे काचेपलीकडे ठरल्या जागी असतात, त्यामुळे स्कॅनचा हात छान बसतो. बुधवारी बाग बंद असते, आणि शनिवार-रविवारी तुम्ही पेंग्विनपेक्षा माणसांचाच इथोग्राम बनवून याल.

इथे तीन खड्डे आहेत आणि नवखे हमखास त्यात पाय टाकतात.

पहिला म्हणजे जो प्राणी काहीतरी मजेशीर करतोय त्याच्याकडेच बघत राहणं. मग वहीत सगळीकडे भांडणं आणि प्रणय, आणि झोपलेले प्राणी गायब. कुणाकडे आणि किती वाजता बघायचं ते घरून निघतानाच चिठ्ठ्या टाकून ठरवा.

दुसरा खड्डा खोल आहे. एकाच कुत्र्याच्या ४० नोंदी म्हणजे ४० कुत्रे नव्हेत. संख्याशास्त्रात याला फार महत्त्व आहे, आणि प्रबंध परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. शक्य तितके वेगवेगळे प्राणी, वेगवेगळ्या गल्ल्या घ्या.

तिसरा: एकट्याने नोंदी करणं. एखाद्या मित्राला सोबत बसवा, एकमेकांच्या वहीत न डोकावता दोघांनी एकाच वेळी नोंदी करा आणि मग जुळवा. जिथे जुळत नाही तिथे तुमची व्याख्या ढिली आहे. दोन निरीक्षकांचं किती जुळतं हे मोजायला कोहेनचा कॅपा वापरतात.

लागणारी साधनं, महत्त्वाच्या क्रमाने:

– वही, पेन्सिल, घड्याळ, टोपी, पाणी
– ८ बाय ४२ची दुर्बीण (घ्यायच्या आधी कुणाची तरी वापरून बघा, १० पट वाली हातात जास्त हलते)
– व्हिडिओतून वर्तन टिपायला बोरिस, हे सॉफ्टवेअर मोफत आहे
– आवाजांसाठी ऑडॅसिटी. पुढे कॉर्नेल विद्यापीठाचं रॅव्हन
– आकडेमोडीसाठी आर (R) ही संगणकभाषा. कठीण वाटेल, पण एक्सेलवर अडकून राहू नका

पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि बाकी सगळं आयनॅचरलिस्टवर टाकायची सवय लावा. पुढे अर्जात "मी निसर्गप्रेमी आहे" असं लिहिण्याऐवजी तुमच्या खात्याची लिंक देता येते आणि समोरच्याला काय ते कळतं.

४. पदवी आणि परीक्षा

हा भाग थोडक्यात उरकते, कारण तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात आणि ते त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघायला हवेत.

बारावीला जीवशास्त्र हवंच, पण गणित सोडू नका. "गणित नको म्हणून बायो घेतलं" असं सांगणारे पुढे संख्याशास्त्रापाशी अडतात. मुंबईत बी.एस्सी. झूऑलॉजीसाठी झेवियर्स, रुईया, विल्सन, फोर्टमधलं विज्ञान संस्था महाविद्यालय असे चांगले पर्याय आहेत. बारावीनंतर थेट आयसरमध्ये जायचं असेल तर आयसर अॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. सगळ्यात जवळचं आयसर पुण्याचं.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईबाहेर पडावं लागण्याची शक्यता जास्त. बंगळूरचं एनसीबीएस म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (ते टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंच केंद्र आहे) वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धनात एम.एस्सी. देतं, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था वन्यजीव विज्ञानात. दर वर्षी प्रवेश उघडतातच असं धरून चालू नका, आधी चौकशी करा. वर्तनावर पीएच.डी. करायची तर भारतीय विज्ञान संस्थेचं परिसर विज्ञान केंद्र आणि वेगवेगळी आयसर बघा. परीक्षा या: एम.एस्सी.साठी जॅम, पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट, गेट आणि टीआयएफआरची जेजीबिल्स.

सालीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, हे वाक्य मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतं. खरं आहे. पण तेही फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले होते, आणि आज फेलोशिपच्या अर्जात गुणपत्रिका जोडावीच लागते.

पैसे भरून करायच्या "वाइल्डलाइफ इंटर्नशिप"पासून जपा. आठवडाभर जंगलात राहणं, एक टी-शर्ट, एक प्रमाणपत्र. सहल म्हणून जायचं तर जरूर जा. पण निरीक्षणांचं पुढे काय होणार, ती कुणाच्या प्रकल्पात जाणार, याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर ती सहलच आहे. त्यापेक्षा विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन फेलोशिप भरा. तिथे विद्यावेतन मिळतं आणि खऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने काढता येतात. फॉर्म दिवाळीच्या आसपास निघतो, तेव्हा बहुतेक जण सेमिस्टरच्या गडबडीत असतात आणि तो हातचा जातो.

५. मार्गदर्शकाला पत्र

शास्त्रज्ञांना रोज अशी पत्रं येतात, आणि त्यातली बरीचशी "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम" ने सुरू होतात. पहिल्याच ओळीत कळतं की हे पन्नास जणांना गेलंय.

चांगलं पत्र दहा-बारा ओळींचं असतं. तुम्ही कोण, कुठे शिकता हे एका ओळीत. त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला आणि त्यातलं काय कळलं नाही किंवा पटलं नाही, हे दोन ओळींत; ही सगळ्यात महत्त्वाची जागा. तुम्ही स्वतः काय बघितलंय ते दोन ओळींत. ती कुत्र्यांची वही इथे कामाला येते: "माझ्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या मी स्कॅन पद्धतीने नोंदी ठेवल्या, आणि पहाटे व संध्याकाळी त्यांच्या हालचालीत फरक दिसतो" हे वाक्य नव्वद टक्क्यांच्या गुणपत्रिकेपेक्षा वजनदार आहे. मग कुठल्या महिन्यांत मोकळे आहात ते. लहानपणी घरी ससा होता हे लिहू नका.

आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

सोबत तयार ठेवायची कागदपत्रं:

– एक पानी बायोडेटा, पीडीएफमध्ये
– सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, एकाच फाइलमध्ये
– कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र (ऑफिसला आठ दिवस आधी अर्ज द्या, "सही करणारे साहेब रजेवर आहेत" हे ठरलेलं)
– शिफारसपत्र देणाऱ्या दोन शिक्षकांची नावं, त्यांना विचारून
– आधार आणि फोटो
– फील्डवर जाणार असाल तर अपघात विमा आणि घरच्यांचं संमतीपत्र

६. परवानग्या

जिथे तिकीट काढून जाता येतं तिथे संशोधनही करता येतं, हा मोठा गैरसमज. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, त्यातला पर्यटकांना खुला भाग थोडा. तिथे अभ्यास करायचा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात ती प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या नागपूरच्या कार्यालयातून येते. एकट्या विद्यार्थ्याने अर्ज करून उपयोग नसतो. संस्थेचं पत्र आणि मार्गदर्शकाचं नाव लागतं. प्रकल्पाची रूपरेषा, पद्धत, नकाशा, कोण कोण जाणार त्यांची ओळखपत्रं आणि प्राण्यांना हात लावणार की नाही याचा स्वच्छ उल्लेख, एवढं जोडा. महिने जातात हे धरूनच वेळापत्रक आखा. आवक क्रमांक लिहून घ्या. पुढे फोनवर सगळे तोच विचारतात. (हे मला त्या कारकुनानेच शिकवलं.)

२०२२च्या दुरुस्तीने कायद्याची परिशिष्टं सहाची चार झाली, तेव्हा जुन्या पुस्तकातल्या याद्यांवर विसंबू नका.

पृष्ठवंशी प्राण्यांवर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मान्यता हवी. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या त्यात येत नाहीत. नवख्यांनी कीटकांकडे वळावं असं मी म्हणते त्याचं हे एक कारण आहे.

शहरात बाकीच्या परवानग्या माणसांच्या असतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी भेटा. महापालिकेच्या बागेत रोज बसणार असाल तर उद्यान खात्याला पत्र द्या. कुलाब्याला नौदल, ट्रॉम्बे बाजूला अणुसंशोधन केंद्र, शिवडीला बंदराची हद्द; गळ्यात दुर्बीण घालून वहीत वेळा टिपणारी व्यक्ती सुरक्षारक्षकाला कोण वाटेल याचा विचार तुम्हीच करा. संस्थेच्या लेटरहेडवरचं मराठी पत्र खिशात असलेलं बरं. मुलींनी पहाटेच्या फील्डला जोडीनेच जावं आणि जागा घरी कळवून ठेवावी. मी अजूनही तेच करते.

फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं, बिबट्याच्या वाटेवर मांस टाकणं, हे संशोधनाच्या नावाखाली करू नका. परवानगी नसताना गोळा केलेली माहिती पुढे कुठलंही चांगलं नियतकालिक छापत नाही. पहिल्याच फेरीत परवानगी क्रमांक विचारतात.

७. घरी पैशांबद्दल बोलून घ्या

नेट-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, अधिक घरभाडे भत्ता. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. पैसे कधी कधी उशिरा येतात, म्हणून दोन-तीन महिन्यांची तजवीज हाताशी असावी. पुढे पोस्ट-डॉक, कॉलेजात शिकवणं (त्यासाठी नेट किंवा सेट), संवर्धन संस्था, विज्ञान केंद्रं असे रस्ते आहेत. कायमच्या जागा कमी आहेत. हे आई-बाबांपासून लपवू नका, आणि स्वतःपासूनही.

८. लोकांशी बोलायला आत्तापासूनच लागा

बरेच जण म्हणतात, आधी संशोधन होऊ दे, नाव होऊ दे, मग लोकांत जाऊ. मला हे पटत नाही. आपण ज्या प्राण्यांवर काम करतो ते लोकांच्या दारात राहतात आणि त्यांचं बरंवाईट तिथेच ठरतं. शिवाय आजीला समजेल असं सांगता आलं नाही तर बहुतेक वेळा आपला प्रश्नच अजून स्वच्छ झालेला नसतो.

जागा भरपूर आहेत. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये १८८३ साली स्थापन झालेली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे. गोरेगावला त्यांचं शिक्षण केंद्र. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. समुद्राची ओढ असेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' २०१७पासून किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी फेऱ्या काढतं. तिथे आधी ऐकायला जा, मग मदतनीस व्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त आत जातं, तेव्हाचे दिवस मोकळे ठेवा.

भाषणाबद्दल दोन-चार गोष्टी. वर्गीकरणाने सुरुवात केलीत की सभागृह गेलं म्हणून समजा. लोकांना आधीच पडलेल्या प्रश्नापासून सुरू करा. नागपंचमीच्या आधी गेलात तर साप दूध पितो का आणि डूख धरतो का, हे येणारच. हसण्यावारी नेऊ नका. विचारणाऱ्या काकूंनी कदाचित साप मारण्याऐवजी सर्पमित्राला बोलावलेलं असतं. साप मांसाहारी आहे, दूध त्याचं अन्न नाही, तहानेने कासावीस केलेला साप समोर येईल ते द्रव पितो, एवढं शांतपणे सांगा. जिवंत साप घेऊन जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि लोक साप बघतात, तुमचं ऐकत नाहीत.

तापलेल्या विषयांत आपली बाजू नको, आपलं ज्ञान द्या. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा वाद उच्च न्यायालयात गेला तेव्हा प्रत्येक कार्यक्रमात मला "तुम्ही कुठल्या बाजूच्या?" असं विचारलं जायचं. मी सांगायचे ते एवढंच: कबुतर मुळात कड्यावर घरटं करणारा पक्षी आहे, त्याला आपल्या खिडकीवरचा सज्जा आणि एसीमागची फट कड्यासारखीच वाटते, आणि खाणं बारा महिने मिळालं तर तो बारा महिने पिल्लं काढतो. पुढचं लोक आपापसात बोलतात, आणि ते तसं बोललेलं चांगलं.

बिबट्याच्या बाबतीत "पकडून लांब सोडा ना" ही मागणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठतेच. पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट वाढू शकतात, हे जुन्नर भागातल्या अभ्यासातून पुढे आलं आहे, ते सांगा. आणि लगेच करता येण्याजोगं काहीतरी सांगा: कचरा उघडा ठेवू नका, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. नुसतं "घाबरू नका" म्हणून कुणाची भीती जात नाही.

वार्ताहराचा फोन आला तर लगेच बोलू नका. दहा मिनिटांनी करते म्हणा, तीन वाक्यं लिहून काढा आणि तीच वाचा. छापून यायच्या आधी तुमचं विधान तेवढं वाचून दाखवायची विनंती करा. काही जण ऐकतात.

शाळांसाठी: जून-जुलै प्रवेशांचा गोंधळ, फेब्रुवारीपासून परीक्षा, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर किंवा दिवाळीनंतरचे दिवस मागा. मुख्याध्यापकांना पत्र द्या, वर्गात मुलं किती ते विचारा, प्रोजेक्टर चालतो की नाही हे आदल्या दिवशी फोन करून खात्री करा आणि तरीही तो चालणार नाही असं धरून जा. तासाची शेवटची वीस मिनिटं मुलांना पटांगणात नेऊन एकेक मुंगी वाटून द्या: पाच मिनिटं तिच्यावरून नजर काढायची नाही आणि ती काय काय करते ते लिहायचं. मागच्या बाकावरची मुलं यात बहुधा पुढे असतात. मानधनाचं आधीच विचारून घ्या. महापालिकेच्या शाळेकडून मी घेत नाही, मोठ्या खासगी शाळेकडून रिक्षाभाड्यासकट घेते.